डोंगराचा बार

या अंकाचे संपादक गेली नऊ वर्षं माझ्याकडून लेख घेतात. गणपती उठले की ते संत तुकाराम नगरातल्या आमच्या घरी येतात, चहा घेतात आणि म्हणतात, आजोबा, यंदा खाणीवरचं लिहा. मी बरं म्हणतो आणि दुसरंच काहीतरी लिहून देतो. मैलाच्या दगडांवर लिहिलं, जात्याला टाकी कशी लावतात ते लिहिलं, एका वर्षी तर गच्चीवरच्या कबुतरांवर लिहिलं. खाणीचं लिहायचं म्हणजे तिथल्या चर्चचं लिहावं लागणार, आणि चर्चचं लिहायचं म्हणजे अंतोनभाऊचं. ते मी टाळत आलो.

यंदा टाळता येत नाही, कारण एक पुस्तिका छापून आली आहे. देहूरोडच्या अलीकडे जुन्या दगडखाणीपाशी एक लहानसं कॅथलिक चर्च आहे. त्याचा इतिहास तिथल्या मंडळींनी छापला. दारावरच्या शिळेची अक्षरं मी कोरली, म्हणून मला बोलावून शाल दिली, नारळ दिला आणि पुस्तिका दिली. घरी येऊन मी चष्मा लावून ती वाचली. सतराव्या पानावर एक वाक्य आहे. बांधकाम चालू असताना सुरुंग लावणारे अंतोन साळवे यांच्या निष्काळजीपणामुळे एका कामगाराचा मृत्यू झाला, असं त्यात म्हटलं आहे.

लिहिणाऱ्या तरुण फादरांचा यात दोष नाही. त्यांनी जुन्या माणसांना विचारून लिहिलं. त्या जुन्या माणसांत मीही होतो. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी म्हणालो होतो, "तसंच काहीसं ऐकलंय."

ऐकलंय नाही. मी तिथं होतो. निष्काळजीपणा अंतोनभाऊचा नव्हता, माझा होता. पन्नासहून जास्त वर्षं मी तो त्याच्या नावावर राहू दिला.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. आम्ही पाथरवट. वडील जाती-पाटे घडवत. मी चार इयत्ता शिकलो होतो आणि अक्षर बरं होतं, म्हणून खाणीच्या मालकानं मला अक्षरं कोरायच्या कामावर ठेवलं. आपल्याकडचा दगड काळा, कठीण आणि मनात राग धरून बसणारा. त्यावर अक्षर काढायचं तर आधी दगडाचं तोंड घासून सपाट करायचं. सूत भिजवून ते गेरूत बुडवायचं, ताणायचं आणि टिचकी मारायची; शिरोरेघ उमटते. मग गेरूनंच अक्षरं लिहायची आणि टाकीनं एकेक कण उडवत आत जायचं. जोर हातात नसतो, मनगटात असतो. टाकी थोडी तिरकी झाली की अक्षराचा कान उडतो. दगडाला खोडरबर नसतं. एक अक्षर चुकलं तर पूर्ण तोंड सूतभर खाली उतरवायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं.

माझ्याही हातून चुका झाल्या. पुण्याच्या रस्त्यावर लावायच्या एका दगडावर मी चौदाऐवजी एक्केचाळीस मैल कोरले आणि तो तसाच लागलासुद्धा. वर्षभर तो तिथं उभा होता. एक गाडीवान त्या दगडापाशी आला की बैलांना विचारायचा, आपण मागं फिरलो का रं बाबांनो. छावणीतल्या एका साहेबानं मेलेल्या कुत्र्यासाठी दगड करून घेतला. कुत्र्याचं नाव राजा. साहेबाला मराठी अक्षरं आवडायची, म्हणून मी ठसठशीत 'राजा' कोरून दिलं. महिन्याभरानं गेलो तर दगडाला शेंदूर फासलेला आणि पुढं लिंबं कापून ठेवलेली. साहेबाला काय सांगावं ते मला कळेना. तो मात्र खूश होता. म्हणाला, राजाला लोक विसरले नाहीत.

अशा गोष्टी सांगत मी आजवर वेळ काढला. आता खाणीकडं जातो.

आज आठवताना ती खाण मला पाण्याखाली असल्यासारखी दिसते, आणि खरोखर ती आता पाण्याखाली आहे. दगड संपला, पाझर लागला आणि खड्ड्याचं तळं झालं. चारी बाजूंनी इमारती आहेत. त्यांचे दिवे पाण्यात पडतात. पण पन्नासच्या दशकात तिथं माळ होता, समोर बोडकी टेकडी होती आणि मध्ये पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरलेला काळा खड्डा. पिंपरीकडं कारखाने उभे राहत होते, रस्ते रुंद होत होते, सगळ्यांना खडी हवी होती. उन्हाळ्यात दुपारी दगडाची भुकटी हवेत तरंगत राहायची. त्या पांढरट धुक्यातून माणसं हळूहळू चालताना दिसायची, पाय दिसायचे नाहीत. टाक्यांचे आवाज मात्र लखलखीत. डोळे मिटून बसलं तर वाटायचं, एखादं मोठं घड्याळ शंभर काट्यांनी चाललं आहे.

बारा वाजता ते घड्याळ थांबायचं. मग बार उडवायचे. बार म्हणजे सुरुंग. सकाळभर घणानं पहार ठोकून दगडात खोल भोकं पाडलेली असत. त्यांत काळी दारू भरायची, वात सोडायची, वरून लाकडी काठीनं माती ठासायची. लोखंड जवळ न्यायचं नाही, ठिणगी पडेल. एकापेक्षा एक लांब वाती, म्हणजे बार एकदम न उडता एकामागून एक उडतात. लाल फडकं वर चढायचं, 'बार, बार' अशी आरोळी जायची, माणसं माळावर लांब जाऊन भाकरी सोडायची. बत्ती लावणारा शेवटी पळत यायचा आणि मोठ्या दगडाआड बसून मोजायचा.

मोजणं हे खाणीवरचं सगळ्यात मोठं काम. दहा भरले तर दहा ऐकू आले पाहिजेत. नऊ आले तर एक बार मुका राहिला, आत जिवंत बसला आहे. मग फडकं खाली येत नाही. मुक्या बारात पाणी ओतून दिवसभर त्याच्या वाटेला जायचं नाही. मोजणीत एक अडचण असायची, ती समोरच्या टेकडीची. बाराचा आवाज तिच्यावर आपटून परत यायचा. त्याला आम्ही डोंगराचा बार म्हणायचो. नवा माणूस फसायचा, जुना फसत नसे. खरा बार आधी तळपायाला कळतो, मग छातीला, मग कानाला. डोंगराचा बार नुसता कानाला कळतो.

अंतोन साळवे हा आमच्या खाणीचा बारवाला. नगर जिल्ह्यातला कॅथलिक, चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा. त्याच्या मागून तिकडची पंधरा-वीस घरं खाणीवर आली होती. वीस वर्षं बार उडवून एकही माणूस त्यानं गमावला नव्हता. मी पंचविशीच्या आतला. मला तो भावासारखा होता, मी त्याला अंतोनभाऊ म्हणायचो.

एकदा मी त्याला पाठीमागून तीन हाका मारल्या. त्यानं मान वळवली नाही. मग लक्षात यायला लागलं की समोरचा बोलतो तेव्हा तो त्याच्या डोळ्यांकडं न बघता ओठांकडं बघतो. काही दिवसांनी दगडाआड बसलेलो असताना तो आपणहून बोलला.

"किसन, कानानं दगा दिला. जवळचे बार लागतात, लांबचे नाय लागत."

बारवाल्याला सरकारी परवाना लागायचा. बहिऱ्याला तो कोण देणार? परवाना गेला तर काम गेलं, आणि काम गेलं तर खाणीवरची खोली गेली. मी म्हणालो, मी मोजतो. तेव्हापासून आमचं ठरलं. दुपारी मी काम ठेवून त्याच्याशेजारी जाऊन बसायचो आणि दर बाराला त्याच्या पाठीवर एक बोट टेकवायचो. शेवटी तो उठून सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा ओरडायचा. दीड वर्ष असं चाललं. कोणाला कळलं नाही. मला त्यात अभिमान वाटायचा, हे आता कबूल करतो. खाणीवरचा सगळ्यात मोठा माणूस माझ्या कानांवर चालत होता.

त्याच काळात चर्च उभं राहत होतं. आधी नुसती पत्र्याची शेड होती. रविवारी पुण्याहून एक परदेशी फादर सायकल मारत यायचे, प्रार्थना सांगायचे आणि सायकल मारत परत जायचे. दाढी तांबूस, अंगरखा पायापर्यंत, मराठी पुस्तकातलं. "आपण भोजन केले काय?" असं ते सगळ्यांना विचारायचे. भिका शिंदे त्यांची हुबेहूब नक्कल करायचा.

हा भिका इथल्याच जुन्या गावातला, पहारीवरचा माणूस. घण मारताना गाणी म्हणायचा आणि थट्टा केल्याशिवाय त्याला भाकर पचत नसे. मला तो 'मास्तर' म्हणायचा. त्या एक्केचाळीस मैलांवरून त्यानं मला दोन वर्षं छळलं. कुठं निघालो की विचारायचा, "मास्तर, किती मैल?"

चर्च पक्कं बांधायचं ठरलं तेव्हा फादरांनी सांगितलं की ते संत बार्बराच्या नावानं असेल. ती कोण, तेही त्यांनी शेडमध्ये उभं राहून सांगितलं. बापानं तिला बुरुजात कोंडलं, तिच्यावर अन्याय केला, शेवटी आभाळातून वीज पडून तो जळाला. म्हणून दारूगोळ्याशी काम करणारे तिचा आसरा मागतात. दाराबाहेर उभा असलेला भिका म्हणाला, "म्हंजी ही आमचीच बाई की. बार बरा व्हावा म्हनून बारबरा."

सगळे हसले. फादरांना त्यातलं अर्धंच कळलं, ते कोणीतरी समजावून सांगितलं, मग तेही हसले. त्या दिवसापासून वातीला बत्ती लावताना आमच्या खाणीवर 'बार बरा' म्हणायची रीत पडली. हिंदू बाया येता-जाता त्या शेडला हात जोडायच्या. झेंडूची माळ फादर चालवून घ्यायचे. नारळ मात्र बाहेर फोडा म्हणायचे.

ते चर्च खाणीनं बांधलं. पुस्तिकेत देणगीदारांची नावं आहेत, तीही खरीच असतील, पण भिंतींचा दगड रविवारच्या सुट्टीत आम्ही वाहिला. अंतोनभाऊ पुढं आणि बाकी सगळे मागं. तेव्हाच्या सकाळी मला अजून स्वप्नात दिसतात. कोवळ्या उन्हात अर्धी उभी भिंत, तिच्यावर बसलेले लोक, खाली बाया पाट्या सारत आहेत, आणि कोणी कोणाला हुकूम देत नाही. दगड आपला आपण वर चढत असल्यासारखं वाटतं. स्वप्नात भिंत कधी पुरी होत नाही. मला ते बरं वाटतं.

दारावर बसवायला तीन हात लांब अखंड पाटी हवी होती. शीर नसलेली, एका रंगाची. अंतोनभाऊनं ती हेरली होती, खाणीच्या मागच्या पायरीत. नुसती काढायला नाजूक. दारू जास्त झाली तर फुटेल, कमी झाली तर हलणार नाही. फादरांनी मला कागदावर मजकूर लिहून दिला होता. वर संत बार्बराचं नाव, खाली 'खाणकामगारांनी बांधले' आणि त्याखाली अंतोन साळवे. अंतोनभाऊ नको म्हणत होता. मीच म्हणालो, नाव यायलाच पाहिजे. मजकुरात मला एकच गोष्ट छळत होती, बार्बरामधला रफार. काळ्या दगडात रफार म्हणजे मरण. शिरोरेघेवर एवढासा आकडा, खाली दगड दोन्ही बाजूंनी पोखरलेला. टाकी लागली की तुकडा निघून येतो. रात्रंदिवस मी हवेत बोटानं तो रफार काढत होतो.

त्या दिवशी दहा बार भरले होते. नऊ पुढच्या पायरीत नेहमीसारखे, दहावा पाटीखाली. दहाव्यात दारू मुद्दाम थोडी घातली होती. अंतोनभाऊ मला म्हणाला होता, दहावा हलका येईल, ध्यान ठेव. ढगाळ दुपार होती, वारा नव्हता, माळावर सगळं जाड शांत झालेलं. आम्ही दगडाआड बसलो. एक, दोन, तीन, माझं बोट त्याच्या पाठीवर पडत होतं. सहाव्यानंतर धूळ आमच्यापर्यंत आली आणि सगळं पांढरं झालं. त्या पांढऱ्यात मला ती पाटी दिसायला लागली, उभी, दारावर बसलेली. अक्षरं दिसली. रफार कुठं बसेल ते दिसलं. रेघेपासून थोडा उचलून घेतला तर टिकेल, असं सुचलं. सात, आठ, बोट पडत होतं. नववा मोठा आला. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग लांबून एक हलका आवाज आला, गोल, मऊ, झोपेत कोणी हाक मारावी तसा.

मी बोट टेकवलं.

अंतोनभाऊ उठला नाही. त्यानं माझ्याकडं तोंड केलं.

"पायाला नवच लागले."

"दहावा हलका होता, भाऊ. मी ऐकला."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं क्षणभर माझ्या ओठांकडं बघितलं. मग उठून ओरडला, धा. फडकं खाली आलं.

माझा तळपाय काय म्हणत होता, ते मला आजही सांगता येणार नाही. मी तिकडं लक्षच दिलं नव्हतं. मी रफारात होतो.

आम्ही भाकरी खायला बसलो. भिकानं घाईनं खाल्लं. पाटी कशी निघाली ते त्याला सगळ्यांच्या आधी बघायचं होतं. जाताना मला म्हणाला, "मास्तर, तुमची पाटी आनतो, बसा निवांत." अंतोनभाऊनं अजून हातही धुतले नव्हते. भिका धुळीत खाली उतरला. तिथून त्याचा आवाज आला, पाटी हलली न्हाई, नुसती रुसलीया. मग लोखंड दगडाला लागल्याचा आवाज. त्यानं फटीत पहार घातली होती.

तो बार तळपायाला कळला.

भिका जागच्या जागी गेला. त्याचं शरीर मी इथं वर्णन करणार नाही. पाटी मात्र अखंड सुटून दोन हात पुढं सरकली होती. एक टवकासुद्धा उडाला नव्हता. अंतोनभाऊची दारू अचूक होती.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून चौकशीचा साहेब आला. शेडमध्ये टेबल मांडलं. मी दाराजवळ उभा होतो, अंतोनभाऊपासून तीन हातांवर. साहेबानं विचारलं, बार कोणी मोजले. प्रश्न त्यानं कागदाकडं बघत विचारला, त्यामुळं अंतोनभाऊला कळला नसावा, असं वाटून मी एक पाऊल पुढं टाकलं. तेवढ्यात तो बोलला.

"मीच मोजले, साहेब. धा मोजले. चुकलो असेन."

साहेबानं लिहून घेतलं. माझं पाऊल पुढं पडलेलं होतं. मी ते मागं घेतलं.

संध्याकाळी हौदावर तो एकटा भेटला. माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाला, "तुझं लगीन ठरलंय. गप ऱ्हा." मी काही बोललो असतो तरी त्याला ऐकू आलं नसतं, कारण तो ओठांकडं बघत नव्हता. हे मी पुढं पुष्कळदा स्वतःला सांगितलं. पण त्याचा हात धरून त्याला माझ्याकडं वळवता आलं असतं.

परवाना गेला. आठ दिवसांत खोली सोडावी लागली. अंतोनभाऊ बायकोला, मार्थावहिनीला आणि दोन मुलींना घेऊन थेरगावला नदीकडच्या वीटभट्टीवर गेला. तिथं कान लागत नाहीत.

इथवर झालं ती चूक म्हणता येईल. माणसाचं लक्ष जातं. याच्या पुढचं मी शुद्धीवर असताना, ढळढळीत दिवसा केलं.

भिकाची बायको पारू खाणीवरच राहिली, खडीच्या पाट्या वाहत. चर्च पुरं होत आलं तेव्हा ती फादरांकडं गेली. म्हणाली, माझ्या धन्यानं भिंतीला हात लावलाय, त्याला मारणाऱ्याचं नाव दारावर नगं. फादरांना काय करावं कळेना. अंतोनशिवाय चर्च उभं राहिलं नसतं, हे ते जाणून होते. ते सायकल हातात धरून माझ्या कामाच्या जागी आले. मी लिंबाच्या सावलीत पाटीचं तोंड घासत होतो. वरचा मजकूर आखून झाला होता आणि खालच्या ओळीसाठी सुतानं दोन रेघा मारल्या होत्या.

"किसन," ते म्हणाले, "तू त्या समयी अंतोनच्या सन्निध होतास. मी तुझे ऐकेन. हे नाव लिहावे किंवा लिहू नये?"

त्या पुस्तकी मराठीत त्यांनी मला सरळ दार उघडून दिलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. फादर, मोजणारा मी होतो. महिन्याभरात माझं लग्न होतं, सासरे खाणीवरच मुकादम होते, पारू समोरून खडीची पाटी घेऊन चालली होती. मी हातातला घासायचा दगड ठेवला नाही. घासता घासता म्हणालो, "नको, फादर. लोकांना बरं वाटणार नाही."

त्यांनी सायकल वळवली. मग गेले.

ती अक्षरं कोरायला मला अकरा दिवस लागले. एरवी पाच लागले असते. रफार मी काढलाच नाही. हात धजला नाही. 'संत बारबरा' असंच कोरलं. फादरांनी बोट लावून बघितलं, रफार कुठे म्हणाले. मी सांगितलं, दगड तुटेल. ते म्हणाले, असो, लोक असेच म्हणतात. पुस्तिकेत त्याचं कौतुक आहे. कामगारांच्या बोलीला मान दिला, असं तरुण फादरांनी लिहिलं आहे. खालच्या मोकळ्या ओळीबद्दलही लिहिलं आहे, की ती पुढच्या पिढ्यांसाठी राखली. ती सहा अक्षरांची जागा आहे. ऊन तिरपं असताना बघितलं तर सुताच्या दोन रेघा अजून दिसतात, ऑइलपेंटच्या थराखाली. हा अंक हाती आला की फादरांना नेऊन देणार आहे. सतरावं पान त्यांनी बदलावं. त्या ओळीचं काय करायचं ते तिथल्या लोकांनी ठरवावं. माझ्या हातात आता टाकी धरायचं बळ नाही. पारूला मी कधीच सांगितलं नाही. ती माझ्या मुलाच्या बारशाला आली होती, अंगडं घेऊन.

अंतोनभाऊकडं मात्र गेलो. एकदा नाही, तीनदा. पहिल्या दोन वेळा भट्टीच्या अलीकडून परत फिरलो. तिसऱ्यांदा गेलो ते दशक संपता संपता, थंडीत, सकाळी दहाच्या सुमाराला. नदीवरून धुकं उठत होतं, भट्टीचा धूर त्यात मिसळत होता आणि ओल्या विटांच्या रांगांवर कोवळं ऊन पडलं होतं. अंतोनभाऊ झोपडीपुढं पोत्यावर बसला होता. केस पांढरे झाले होते. मला बघून त्यानं हसून शेजारची जागा झटकली. बसलो. त्यानं माझा हात हातात घेतला, तळवा उलटून बघितला, टाकीचे घट्टे चाचपले. काम चालू आहे हे त्याला तेवढ्यानं कळलं.

कान पुरते गेले होते. डोळ्यांवरही पडदा येत होता. ओठ आता दिसत नव्हते. मार्थावहिनी विटांच्या रांगेत होत्या, त्या हात पुसत आल्या.

"किसनभावजी, त्यांना तसं नाय ऐकू जायचं," त्या म्हणाल्या. "काय सांगायचं ते मला सांगा. मी कानात वरडते, तेव्हा कुठं कळतं."

आजूबाजूला दहा-बारा माणसं विटा थापत होती. मी अंतोनभाऊच्या कानाशी तोंड नेलं. भाऊ, माझं चुकलं, असं म्हणालो. मला स्वतःला जेमतेम ऐकू आलं असेल. त्याला श्वास लागला असावा कानाला. त्यानं मान हलवली.

"मोठ्यानं बोल, राव. काय म्हनतो?"

मी वहिनींकडं बघितलं. ज्या बाईचं घर माझ्या एका शब्दानं गेलं, तिलाच तो शब्द ओरडून सांगायला लावायचा होता. त्या वाट बघत उभ्या होत्या, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून, वाकायच्या तयारीत.

"काय विचारताय, भावजी?"

"काही नाही," मी म्हणालो. "जेवलात का, विचारा."

त्यांनी वाकून भट्टीभर ऐकू जाईल असं विचारलं. विटा थापणारे आमच्याकडं बघून हसले. अंतोनभाऊचा चेहरा उजळला.

"व्हय, जेवलो की," तो म्हणाला. "तू?"

मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. वहिनींना म्हणालो, जेवलोय म्हणून सांगा.